वनपट्टा मिळाला, पण मदत अडली? ग्रामसभा आणि सहयोगी संस्थांनी या चुका टाळा

वनहक्क कायद्याखाली पट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा कागद, मिळालेल्या कुटुंबाला पुढची मदत देणे ही सरकारची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. २०१२ साली सुधारलेल्या नियमांतला नियम १६ तेच सांगतो. जमीन सुधारणा, उत्पादन वाढवणारी कामे, मूलभूत सोयी आणि उपजीविकेची इतर साधने सरकारने आपल्या योजनांमधून पट्टाधारकांपर्यंत पोहोचवायची आहेत. तरीही गडचिरोलीपासून पालघरपर्यंत शेकडो घरांत पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो आणि शेतावर ना बांधबंदिस्ती, ना विहीर, ना एखादे फळझाड.

हे अंतर भरून काढायला ग्रामसभा, आदिवासी विकास विभाग, वनखाते, कृषी विभाग आणि स्वयंसेवी संस्था यांची मोट बांधावी लागते. काही ठिकाणी ती बांधली गेली आणि टिकलीही. पण बऱ्याच ठिकाणी भागीदारीचा करार होतो, फोटो निघतात आणि दोन वर्षांत सगळे थंड होते. त्यामागच्या चुका बहुतेक सारख्याच असतात.

पट्ट्याचा कागद न वाचणे

समारंभात पट्टा हातात पडला की काम संपले असे वाटते. त्याच संध्याकाळी चार गोष्टी तपासा. पती आणि पत्नी दोघांची नावे आहेत का? कायद्याने विवाहित जोडप्याचा पट्टा संयुक्त असतो. कसत असलेले क्षेत्र आणि पट्ट्यातले क्षेत्र जुळते का? वैयक्तिक हक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे, पण प्रत्यक्षात अनेकांना कसतात त्याच्या एका तुकड्याचाच पट्टा मिळतो. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, तेव्हा वनजमिनीचे रखडलेले आणि अपुरे दावे ही त्यांची एक मुख्य मागणी होती. तिसरी गोष्ट, कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या भागाला दिलेला क्रमांक) आणि चतु:सीमा बरोबर आहेत का? आणि चौथी, नकाशा जोडलेला आहे का? नकाशा नसेल तर पुढे प्रत्येक योजनेच्या वेळी "जागा नेमकी कुठली?" या प्रश्नावर फाइल परत येते.

क्षेत्र कमी केले असेल किंवा दावा फेटाळला असेल तर कारणासह लेखी आदेश मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जायला प्रत्येकी ६० दिवस असतात. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्याही वर विभागीय स्तरावर दाद मागायची सोय झाली आहे. हे अजून फार थोड्या गावांना माहीत आहे. फक्त "उपग्रह छायाचित्रात शेती दिसत नाही" एवढ्यावर दावा नाकारला असेल तर त्या निर्णयाला जरूर आव्हान द्यावे. उपग्रह चित्र हा पूरक पुरावा आहे, ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असे नियमातच लिहिले आहे.

नोंद आणि वारस यांकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे, कारण तिची किंमत लगेच कळत नाही.

पट्टा दिल्यानंतर महसूल आणि वन अशा दोन्ही अभिलेखांत त्याची नोंद जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. तसा नियम आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत ती झालेली नसते, किंवा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात एक ओळ येते आणि तेवढेच. मग पीककर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई, प्रत्येक खिडकीवर "सातबारा आणा" हेच ऐकावे लागते. तलाठ्याकडे एकेकट्याने चकरा मारू नका. गावातल्या सगळ्या पट्टाधारकांची यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तहसीलदारांकडे एकत्र द्या आणि पोच घ्या.

वारसाचे तर बोलायलाच नको. पट्टा विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही, पण वारसाने पुढे जातो. ज्याच्या नावे पट्टा मिळाला तो म्हातारा गेला, मुलगे कसत राहिले, नोंद कुणी बदलली नाही. पाच-दहा वर्षांनी योजना येते आणि लाभार्थी म्हणून नाव निघते ते मृत व्यक्तीचे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांनी याच दुखण्यापायी पिढ्यान्‌पिढ्या जमीन गमावली. आजोबा मृत्युपत्र न करता गेले की जमीन सगळ्या वारसांत सामाईक राहायची आणि कुणाकडेच स्वच्छ कागद उरायचा नाही. कागद नाही म्हणून वनशेतीचे अनुदान नाही, सरकारी वनतज्ज्ञाचा सल्ला नाही. वर एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा माणूस कोर्टामार्फत अख्खी जमीन विक्रीला काढू शके. तिथे वकील आणि वनतज्ज्ञ एकत्र आले तेव्हा मार्ग निघू लागला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन येथील एक संस्था आधी वारसाहक्काचे कागद नीट करून देते आणि त्याच कुटुंबाला जंगलाचा आराखडा बनवायलाही मदत करते. अमेरिकेची वनसेवा, कृषी खाते आणि एक वननिधी यांच्या भागीदारीतून हे काम अनेक राज्यांत गेले. २०१८ च्या शेती कायद्याने तर अशा कुटुंबांना पर्यायी कागदांवर सरकारी योजनांत शिरायची वाट मोकळी केली. आपल्याकडे पट्टा विकला जायची भीती नाही, हे कायद्याचे मोठे देणे आहे. पण कागद आणि जंगल यांची कामे दोन वेगळ्या संस्थांनी, दोन वेगळ्या वर्षांत करायची ही आपली पद्धत मात्र बदलायला हवी. पट्टाधारकांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने रोपे वाटायच्या आधी वारसनोंदीचे शिबिर घ्यावे.

ग्रामसभेऐवजी दुसऱ्याच कुणाशी करार

सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क, मिळतो तो ग्रामसभेला. ग्रामपंचायतीला नाही, संयुक्त वन व्यवस्थापन समितीला नाही आणि मदत करणाऱ्या संस्थेला तर मुळीच नाही. पाडा, टोला किंवा वाडी यांची स्वतंत्र ग्रामसभाही असू शकते. तरी करार सरपंचाच्या सहीने होतो, खाते ग्रामपंचायतीचे वापरले जाते किंवा निधी थेट संस्थेच्या खात्यात येतो. संस्थेचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण प्रकल्प संपला की पैसे, हिशेब, नकाशे, जीपीएसची मोजणी सगळे संस्थेबरोबर निघून जाते आणि गाव पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

म्हणून करार मराठीत आणि जमल्यास गावच्या बोलीत वाचून दाखवावा. ग्रामसभेचे स्वतःचे बँक खाते आणि पॅन असावे. प्रत्येक कागदाची मूळ प्रत गावात राहावी, संस्थेकडे छायाप्रत. आणि वनहक्कावरच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात, हे विसरू नका. दहा-बारा पुरुषांच्या सह्यांवर झालेला ठराव पहिल्याच हरकतीत कोसळतो.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू स्वतः विकायला २०११ उजाडावे लागले, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती नव्हते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते गावाला मिळाले आणि पुढच्याच वर्षी नियम बदलून वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. हक्क मान्य असणे आणि तो वापरायचे साधन हातात असणे यांत किती अंतर असते, ते इथे दिसले. तुमच्या गावात कुणी अजूनही परवान्यासाठी वनकार्यालयात थांबवत असेल, तर नियम २(१)(घ) ची प्रत घेऊन जा.

आराखडा बाहेरून लिहून घेणे

जंगल व्यवस्थापनाचा आराखडा नियम ४(१)(ङ) खालच्या गावसमितीने करायचा आणि ग्रामसभेने मंजूर करायचा असतो. निधी आला की घाईघाईने शहरातला सल्लागार नेमला जातो आणि वीस गावांचा आराखडा एकाच साच्यातून निघतो. मोहाची झाडे कुठे आहेत, चराईला कोणती टेकडी मोकळी ठेवायची, देवराईला हात का लावायचा नाही, हे त्यात सापडत नाही. तज्ज्ञ जरूर घ्या, वनरक्षकालाही बोलवा, पण शिवारफेरी गावाने करावी आणि तिच्यात जळण आणणाऱ्या बायका असाव्यात. वनखात्याच्या कार्य आयोजनेशी (खात्याच्या स्वतःच्या जंगल आराखड्याशी) हा आराखडा जोडताना त्यात काय बदल करायचे ते समितीने ठरवायचे असते.

तेंदूपत्त्याचा व्यवहार तोंडी

२०१३ पासून विदर्भातल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता एकत्रितपणे स्वतः विकू लागल्या. गोंदिया-गडचिरोलीत विदर्भ निसर्ग संरक्षण संस्था आणि मेळघाटात खोज यांसारख्या संस्था त्यांच्या पाठीशी होत्या. अनेक गावे एकत्र आली की कंत्राटदार दर पाडू शकत नाही. यात चूक होते ती लिहून न ठेवण्यात. बूट कटाईचा (तेंदूच्या झुडपांच्या छाटणीचा) खर्च कुणाचा, आगाऊ रक्कम किती, माल फळीवरून (पाने गोळा करायच्या जागेवरून) कधी उचलणार, शेवटचा हप्ता थकला तर काय, हे करारात असायलाच हवे. सगळा माल गोदामातून निघून गेल्यावर वसुली अशक्यप्राय होते. शिवाय तेंदूपत्त्याच्या विक्रीवर उगमस्थानी कर गोळा करण्याचा, म्हणजे विकणाऱ्याने खरेदीदाराकडून कर घेऊन सरकारकडे भरण्याचा, नियम लागतो. त्यासाठी पॅनबरोबर टॅन क्रमांकही हंगामाआधी काढा. लाखोंची उलाढाल होऊन गेल्यावर आलेली करखात्याची नोटीस ग्रामसभेला फार घाबरवते.

जे शिबिराला येऊच शकत नाहीत

मदतीच्या याद्यांत सगळ्यात मागे कोण राहते? रायगड-ठाण्यातले कातकरी, यवतमाळचे कोलाम, एकट्या बायका आणि आदिवासी नसलेले पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारे गरीब.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्च करायचा म्हणून शिबिरे जानेवारी ते मार्चमध्ये लागतात, तेव्हा वाडी ओस असते. मग अहवालात "प्रतिसाद अल्प" असे लिहिले जाते. शिबिर जून ते ऑक्टोबरमध्ये घ्या, नाहीतर भट्टीवर जा. भट्टीमालकाला आधी कल्पना देऊन रविवारी गेले तर काम होते.

या शेवटच्या गटाच्या, कायद्याच्या भाषेत इतर पारंपरिक वननिवासींच्या, बाबतीत एक गैरसमज हजारो दाव्यांच्या मुळावर आला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे त्यांनी त्या भागात राहून जंगलावर अवलंबून असणे सिद्ध करायचे आहे. तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षे कसला होता, असे कायदा म्हणत नाही. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, शाळेचे दाखले, गावातल्या इतर वृद्धांचे लेखी जबाब, समाधी, जुनी विहीर, पडक्या घराचे जोते, असे पुरावे नियम १३ मध्ये बसतात, आणि त्यांतले दोन पुरेसे आहेत. फेटाळलेला दावा या कारणाने गेला असेल तर फाइल पुन्हा उघडायला लावा. गावातली इतर म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घेऊन ठेवा.