घरगुती स्टुडिओ मॉनिटर: वॅट नको, डेटाशीट विचारा
घरीच स्टुडिओ मॉनिटर (रेकॉर्डिंग पारखायचे स्पीकर) बनवायला पुण्याच्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुटा स्पीकर मागितला की आधी वॅट सांगतात. तिकडे कानाडोळा करा, डेटाशीट (स्पीकरच्या मोजमापांचा कागद) मागा. नसेल तर स्वस्तातला नगही सोडा. ५ इंची वूफरचा (खालच्या सुरांच्या स्पीकरचा) क्यूटीएस (कोनचा कंप किती आवरला जातो ते सांगणारा आकडा) ०.३ ते ०.४ च्या आसपास असेल तर पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) पेटी जमते, ०.५ च्या वर असेल तर बंद पेटीच बरी (कारचे स्पीकर बहुधा याच गटातले). ट्वीटर (वरच्या सुरांचा स्पीकर) १ इंची सिल्क डोमचा घ्या. त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (जिथे तो आपसूक जास्त कंप पावतो) क्रॉसओव्हरच्या (जिथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो त्या फ्रिक्वेन्सीच्या) निम्म्याहून कमी हवी: २५०० हर्ट्झला क्रॉसओव्हर असेल तर १२५० च्या आत. त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती मोठा वाजतो ते) वूफरपेक्षा थोडी जास्तच असू द्या. जास्तीची दोन रेझिस्टर लावून उतरवता येते. पॅसिव्ह क्रॉसओव्हरमध्ये (आवाज विभागणारं, पण वाढवू न शकणारं सर्किट) ती कमी पडली तर मग वूफरच दाबावा लागतो.