माळ्यावरचा टँक खाली काढताय? थांबा, आधी हे वाचा

2015 मधे माझा प्लांटेड टँक, म्हणजे खरी पाणझाडं लावलेला माशांचा टँक, बंद झाला. या छंदाचे जपानी गुरू ताकाशी अमानो गेले तेच वर्ष, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आम्ही घर बदललं आणि मुलगी झाली, बस्स. दोन फुटी टँक, कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर), टी5 च्या ट्यूबा, झाडांना द्यायच्या सीओटूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, सगळं जुन्या चादरींत गुंडाळून माळ्यावर गेलं. मागच्या वर्षी खाली काढलं आणि पहिल्याच महिन्यात आठ टेट्रा मासे मारले. म्हणजे बघा, माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे सगळं मला तोंडपाठ, चार जणांना मीच शिकवलेलं, पाणी रोज टेस्टही करत होतो आणि अमोनिया रोज शून्य येत होता. आणि मासे वर येऊन धापा टाकतायत! पाणी तपासायची किट 2014 ची होती. बाटल्यांमधलं केमिकल कधीच मेलेलं, ते कशालाही पिवळंच, म्हणजे शून्यच, म्हणत होतं.

तर पहिलं काम हे, किट तपासा. तारीख उलटून गेली असेल तर सरळ नवी घ्या, आणि तारखेचा पत्ताच नसेल तर वाटीभर पाण्यात चिमूटभर फिश फूड टाकून तीन-चार दिवस झाकून ठेवा, चांगला वास मारायला लागला की त्यावर अमोनियाची टेस्ट करा. हिरवं व्हायलाच पाहिजे. नाही झालं तर किट कचऱ्यात. जुनं फिश फूड आणि औषधंही त्याच पिशवीत घाला, जीव अडकवू नका.

आता टँक. सिलिकॉन वर्षानुवर्षं कोरडं पडून राहिलं की कडा सोडायला लागतं आणि ते नुसतं बघून कळत नाही. हॉलमधे स्टँडवर ठेवून भरायची घाई नको, गच्ची, बाल्कनी, बाथरूम, जिथे पाणी सांडलं तरी घरात भांडण होणार नाही तिथे सपाट जागी थर्माकोलवर ठेवा. पहिल्या दिवशी अर्धा भरा, दुसऱ्या दिवशी पूर्ण, जोडांखाली बाहेरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावा आणि चार-पाच दिवस तसाच राहू दे. कागद ओला झाला तर टँक रिसील करायचा, आणि त्यात एक लक्षात ठेवा, जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, त्यामुळे आतली कड ब्लेडने पूर्ण खरवडून काढायची आणि मगच नवं, तेही बुरशीविरोधी औषध न घातलेलं साधं सिलिकॉन. मग आठवडाभर हात लावायचा नाही. 24 बाय 12 बाय 15 इंचाच्या टँकमधे 70 लिटर पाणी बसतं, माती दगड काच धरून शंभर किलोच्या आसपास वजन जातं, हे स्टँड निवडतानाही लक्षात असू द्या, आमच्याकडे आधी टीव्हीच्या युनिटवर ठेवायचं चाललं होतं!

काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडने जातात. साबण अजिबात नको.

कॅनिस्टरची मोटर चालू झाली म्हणजे कॅनिस्टर चांगला असं नाही. ओ-रिंग (झाकणाची रबरी रिंग) सुकलेली असते, पाइप कडक होतात, इम्पेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा) क्षाराने जाम होतो. ओ-रिंग आणि पाइप नवे घ्या, बादलीत ठेवून दोन दिवस चालवून बघा. स्पंज हाताने चुरा होत असेल तर फेका, सिरॅमिक रिंग मात्र धुऊन, उकळून परत वापरता येतात. जुना हीटर मी वापरलाच नाही, रबरी सील गेलेला हीटर आणि पाण्यात आपला हात, नको रे बाबा. सीओटू सिलिंडरच्या मानेवर टेस्टची तारीख ठोकलेली असते, ती पाच वर्षांपलीकडची असेल तर रिफिलच्या आधी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली सिलिंडरची तपासणी) करून घ्यायची. रिफिलला अग्निशामक सिलिंडर भरणारे लोक बरे पडतात.

लाइटबद्दल मात्र डोक्यातलंच बदलायला लागतं. आपण लिटरला अर्धा वॅट, एक वॅट असा हिशोब करायचो, तो ट्यूबच्या जमान्यातला. आताच्या एलईडीला तो लावू नका, तेवढ्याच वॅटमधे प्रकाश कितीतरी जास्त पडतो आणि मग पंधरा दिवसांत काचेवर हिरवा गालिचा. सुरवातीला सहा तास, टायमर लावून, लाइट मंद करता येत असेल तर अर्ध्यावर. झाडं वाढायला लागली की हळूहळू वाढवा.

पाणी, हे तर नव्यानेच शिकायचं. दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे महापालिकेचं पाणी होतं, आता नवीन सोसायटीत अर्धं टँकरचं अर्धं बोअरचं, आणि वर सॉफ्टनर बसवलेला. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो, म्हणजे टीडीएस मीटरवर (विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या) आकडा तसाच दिसतो पण झाडांना आणि श्रिंपला लागणारं कॅल्शियम गायब. सोसायटीत विचारा, सॉफ्टनरच्या आधीचा नळ मिळतो का बघा, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) आणि केएच (कार्बोनेटचा जडपणा) यांची टेस्ट एकदा तरी करा. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं म्हणून टँकमधे घालणारे पण भेटलेत मला, त्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात. क्लोरीन असेल तर अँटी-क्लोरीन टाका, किंवा बादलीत एअर पंप लावून 24 तास ठेवा.

तळाचं सॉइल जुनं असेल तर ते सोडून द्या, सुकलेलं अॅक्वासॉइल (टँकसाठी मिळणारी दाणेदार खतयुक्त माती) परत भिजवलं की चिखल होतो. धुतलेली वाळू किंवा बारीक ग्रॅव्हल आणि मुळाशी रूट टॅब (खताच्या गोळ्या), परत सुरवात करताना एवढं पुरतं. नवीन सॉइल घेतलंत तर ते पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतं, म्हणजे सायकलिंगला (फिल्टरमधे ते बॅक्टेरिया तयार करायला) वेगळा अमोनिया घालायची गरज नाही, फक्त सुरवातीला पाणी जास्त वेळा बदला आणि मासे घालू नका. सायकल व्हायला चार ते सहा आठवडे. शॉर्टकट एकच खरा, चालू टँकवाल्या मित्राकडून त्याच्या फिल्टरचा एक स्पंज मागून आणा, ओलाच, पिशवीत टँकचं पाणी घालून, आणि त्याच दिवशी आपल्या कॅनिस्टरमधे टाका. तरीसुद्धा टेस्ट अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थांबा (चालणाऱ्या किटवर!).

झाडं पहिल्या दिवशीच भरपूर लावा, इथे कंजूषपणा केला की शेवाळ जिंकतं. महागडी लाल झाडं नंतर. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला अशी भराभर वाढणारी घ्या, दगडाला किंवा लाकडाला अॅन्युबियास आणि जावा फर्न बांधा, त्यांचा आडवा खोडासारखा कंद मातीत पुरायचा नाही, कुजतो. क्रिप्टोकोरिनची पानं आठवड्यात विरघळली तर घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, महिन्याभरात परत फुटते. दुकानातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात त्यामुळे जुनी पानं जाणारच, नवीन पान कसं येतंय ते बघायचं. मुंबईवाल्यांना रविवारी सकाळी कुर्ल्याच्या मासे-झाडांच्या बाजारात जायची सवय असेलच, पण पहिल्या फेरीत फक्त झाडं घेऊन परत यायचं, हे म्हणायला सोपं आहे. आणि पावसाळ्यात कासला गेलात तर तिथला वायतुरा (डबक्यांत उगवणारं पाणझाड) उपटून आणू नका, तो सड्यावरचाच आहे, तिथेच राहू दे.

खताचं माझं जुनं जुगाड अजून चालतं. कृषी सेवा केंद्रात 13:0:45 मिळतं ते पोटॅशियम नायट्रेट, आणि 0:52:34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. द्राक्ष-डाळिंबवाले हेच ठिबकमधून सोडतात. अर्धा लिटर पाण्यात 50 ग्रॅम 13:0:45 विरघळवा, त्यातलं 1 मिली 60 लिटरच्या टँकमधे नायट्रेट साधारण 1 पीपीएम (लिटरला 1 मिलिग्रॅम) वाढवतं, त्या हिशोबाने आठवड्याला 10 मिली दोन-तीन भागांत द्यायचं. फॉस्फेट वेगळ्या बाटलीत, अर्ध्या लिटरला 10 ग्रॅम, त्याचे आठवड्याला 3-4 मिली पुरेत. 19:19:19 चुकूनही नको, त्यात युरिया आणि अमोनियम असतं. ट्रेसची (लोह वगैरे सूक्ष्म अन्नद्रव्यांची) बाटली मात्र अॅक्वेरियमचीच घ्या. दर रविवारी अर्धं पाणी बदललं की जास्तीचं साचून राहत नाही. सीओटू लावणार असाल तर ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी काचेची कुपी) हिरवा ठेवा, पिवळा झाला तर कमी करा. सीओटू नसेल तर खताचं प्रमाण निम्म्याहून कमी, लाइटही कमी, आणि खरं सांगू, पहिले सहा महिने विनासीओटूच बरं.

उन्हाळ्याचं आधीच ठरवून ठेवा. एप्रिल-मे मधे टँक 31-32 डिग्रीला जातो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि लाइट गेले की मामला आणखी बिघडतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावला तर दोन-तीन डिग्री उतरतात, त्या बदल्यात रोज तांब्या-दोन तांबे पाणी उडून जातं तेवढं भरत राहायचं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर तसाच चालू करू नका, आतलं पाणी सडतं आणि ते घाण पाणी सरळ टँकमधे येतं. आधी उघडायचा, टँकच्याच पाण्यात मिडिया (आतले स्पंज, रिंग) धुवायचा, मग स्विच.

आणि मासे. सगळ्यात शेवटी, आणि आमच्यासारख्या उकाड्याला झेपतील असे. निऑन टेट्रा मला पण आवडतात पण मे महिन्यात त्यांचे हाल बघवत नाहीत. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, हनी गोरामी हे आपल्याकडचेच, पण रोझी बार्ब मऊ पानं कुरतडतो, त्यामुळे मी डॅनिओ आणि गोरामीवर थांबलो. शेवाळ खातो म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारायला बघतील, घेऊ नका, तो फूटभराच्या वर वाढतो, मग लोक तो नदीत नेऊन सोडतात आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर उठतो. सहा डॅनिओ सोडा, दोन आठवडे थांबा, रोज अमोनिया तपासा, मगच पुढचे. मुलगी रोज विचारते बाबा नवीन मासे कधी, तिला मी कॅलेंडरवर लाल गोल करून दाखवलाय, अजून नऊ दिवस आहेत.