अँड्रॉइडमधलं अ‍ॅनिमेशन अडखळतंय? आधी मेसेजची रांग बघा

अ‍ॅनिमेशन अडखळलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘दुसऱ्या थ्रेडवर टाक,’ म्हणजे काम समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर ढकल. हा सल्ला अर्धवट आहे. नेटवर्क, डेटाबेस, मोठं चित्र डीकोड करणं ही कामं जरूर बाहेर काढा, पण व्ह्यू (बटण, चित्र असा स्क्रीनवरचा घटक) हलवायचा तो मेन थ्रेडवरूनच, म्हणजे मुख्य धाग्यावरूनच. दुसऱ्या थ्रेडवरून हात लावलात तर बहुधा अ‍ॅप क्रॅश होईल. नाही झालं तर जास्त वाईट, कारण मग तो बग महिनोन्‌महिने दडून बसतो. अँड्रॉइड ५.० पासून चित्र प्रत्यक्ष रंगवणारा रेंडर थ्रेड वेगळा आहे हे खरं, पण लेआउट (मांडणी) आणि ऑनड्रॉ (काय काढायचं ते सांगणारं फंक्शन) अजूनही मेन थ्रेडवरच चालतात.

मेन थ्रेडवर एक लूपर असतो. तो रांगेतून एकेक मेसेज, म्हणजे करायचं एक काम, उचलतो, पूर्ण करतो आणि मगच पुढचा घेतो. सुरू झालेला मेसेज मध्येच कुणी थांबवू शकत नाही. ६० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या) स्क्रीनवर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्‌झवर ८.३३. तुमच्या एखाद्या क्लिक लिसनरने (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडने) ४० मिलिसेकंद खाल्ले की दोन-तीन फ्रेम गेल्याच. लॉगमध्ये ‘स्किप्ड फ्रेम्स’ दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; ती ओळ एरवी एकदम ३० फ्रेम गेल्यावरच छापली जाते.

साधं सरकणं, फिकं होणं, फिरणं असेल तर व्ह्यूचं तयार अ‍ॅनिमेट वापरा आणि सुटा.

खरी गोम स्वतःची गती लिहिताना आहे: गेममधला चेंडू, आलेख, बोटामागे येणारी वस्तू. इथे जुन्या ट्युटोरिअलमधून हँडलरचं पोस्टडिलेड (काही वेळाने चालवायचं काम रांगेत टाकणारं फंक्शन) उचललं जातं आणि त्यात १६ हा आकडा टाकला जातो. मलाही हा भाग डोक्यात बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या १६ चा अर्थ ‘१६ मिलिसेकंदांनी’ असा नसून ‘१६ मिलिसेकंदांच्या आधी नाही’ असा आहे. पुढे दुसरा मेसेज चालू असेल तर तुमचा थांबतो. शिवाय काम संपवून पुन्हा पोस्ट करता, म्हणजे कामाचा वेळ दर फेरीला वर चढतो. भरीस भर, इनव्हॅलिडेट केलं (व्ह्यू पुन्हा काढायला सांगितलं) की फ्रेमवर्क रांगेत एक अडसर टाकतं आणि चित्र काढून होईपर्यंत साधे मेसेज त्यामागे अडकतात. स्क्रीनच्या ठोक्याशी तुमचा ठोका जुळणार कसा? १६ चे १५ किंवा १७ करून बघणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

त्याऐवजी कोरिओग्राफर घ्या, म्हणजे स्क्रीनच्या ठोक्याशी काम जुळवणारा अँड्रॉइडचा क्लास. तो अँड्रॉइड ४.१ पासून आहे. पोस्टफ्रेमकॉलबॅकला तुमचा कॉलबॅक (हाक आल्यावर चालणारा कोड) दिलात की पुढच्या फ्रेमच्या वेळी तुम्हाला हाक मारतो आणि त्या फ्रेमची वेळ नॅनोसेकंदांत हाती देतो. कॉलबॅक एकदाच चालतो. पुढची फ्रेम हवी असेल तर पुन्हा नोंदवा.

आता माझा हट्ट: दर फ्रेमला ‘अधिक १० पिक्सेल’ कधीही लिहू नका. ६० हर्ट्‌झवर ते सेकंदाला ६०० पिक्सेल होतात आणि १२० हर्ट्‌झवर तोच चेंडू १२०० ने पळतो. मागच्या आणि आताच्या फ्रेमच्या वेळेतला फरक काढा, त्याला वेगाने गुणा. एखादी फ्रेम गेली तरी चेंडू असायला हवा तिथेच दिसेल.

अ‍ॅपमधली ती स्क्रीन (अ‍ॅक्टिव्हिटी) बंद होताना कॉलबॅक काढायला विसरू नका, नाहीतर गेलेली अ‍ॅक्टिव्हिटी मेमरीत अडकून राहते. काढताना मात्र नोंदवलेलाच ऑब्जेक्ट द्यावा लागतो. कोटलिनमध्ये दोन्ही ठिकाणी तोच लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) नव्याने लिहिलात तर दिसायला सारखा असला तरी ऑब्जेक्ट वेगळा, आणि काहीच निघत नाही. एररही येत नाही. म्हणून कॉलबॅक क्लासमध्ये एका व्हॅलमध्ये (न बदलणाऱ्या चलात) धरून ठेवा.

मोजमाप रिलीज बिल्डवर आणि स्वस्तातल्या फोनवर करा, ट्रेस (कोणतं काम किती वेळ चाललं याची नोंद) पर्फेटो या टूलमध्ये बघा. डिबग बिल्ड मुळातच संथ असतो, त्यावरचे आकडे घेऊन भांडू नका. आणि वापरणाऱ्याने सेटिंगमधून अ‍ॅनिमेशन बंद केलं असेल तर कोरिओग्राफरला त्याचा पत्ता नसतो. ते तपासून वस्तू थेट शेवटच्या जागी ठेवणं तुमच्याकडेच येतं.