‘स्लोली’ला यमक सापडत नव्हतं, ते असं सापडलं

इंदूरच्या आमच्या गणेशोत्सवात मुलं म्हणतात ती इंग्रजी गाणी मी लिहिते. ‘स्लोली’खाली ‘क्विकली’ ठेवलं की शेवटी ‘ली’ असूनही कानाला खटकायचं. ‘एलवाय’ने संपणारे शब्द शोधले, ढीग मिळाला, कामाचं काही नाही. फार वैताग आला.

शेवटी आधी आघात पाहिला. तो ‘स्लो’वर आहे, ‘ली’वर जोर नाही, म्हणून नुसत्या ‘ली’वर यमक उभं राहत नाही. मग सीएमयूच्या (अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या) मोफत इंग्रजी उच्चारकोशाची फाइल उघडली. त्यात एका ओळीत एक शब्द आणि पुढे त्याचा सुट्या ध्वनींत लिहिलेला उच्चार असतो; मुख्य आघाताच्या स्वराला १ जोडलेला असतो. त्या स्वरापासून शेवटपर्यंतचा तुकडा मोकळ्या जागांसकट कॉपी करून शोधला आणि ओळीच्या टोकाला येतो तेवढेच शब्द घेतले. पवित्र या अर्थाचं ‘होली’ निघालं, गोलकीपरचं ‘गोली’ही! ‘क्विकली’ला ‘सिकली’, ‘थिकली’. क्रियाविशेषणाला क्रियाविशेषणच हवं असं नाही. नाम किंवा विशेषण आलं तर ओळ जास्त खुलते.