ललिता पवार बघायच्या कशा? 'खाष्ट सासू'च्या पुढे जायचं असेल तर

कुणाहीसमोर ललिता पवारांचं नाव काढून बघा, समोरचा माणूस आधी डावा डोळा बारीक करून दाखवतो आणि मग म्हणतो, हां, ती खाष्ट सासू. संपलं. मूकपटांपासून टीव्हीपर्यंत या बाईंनी काम केलं, सिनेमांचा आकडा सातशेच्या वर सांगतात, आणि आपल्या लक्षात राहिला काय तर एक डोळा. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. कुठून सुरू करायचं, बघताना लक्ष कुठे ठेवायचं, कुठले दोन सिनेमे एकापाठोपाठ बघायचे, सगळं स्वतः करून बघितलंय म्हणून सांगतेय.

आधी एक करा, त्या सातशेच्या मागे लागू नका. सगळे मिळणारही नाहीत, मूकपट तर बहुतेक नष्टच झालेत, आणि कॅरेक्टर रोल करणाऱ्या माणसाचं काम असं मोजून कळतही नाही. आठ-नऊ सिनेमे नीट बघा, एकेक दोनदा. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा, कारण गोष्ट माहीत नसली तर आपलं लक्ष हिरो-हिरोईनकडेच जातं, आणि दुसऱ्यांदा फक्त ललिताबाईंचे सीन, आणि त्यातही जेव्हा दुसरं कुणीतरी बोलतंय आणि त्या नुसत्या ऐकतायत तो भाग. तिथे खरं काम असतं. एक साधी वही घ्या, सिनेमाचं नाव, साल, कितव्या मिनिटाला सीन आहे आणि काय दिसलं एवढंच लिहायचं. मोठं परीक्षण लिहायला बसलात की तिसऱ्या सिनेमाला वही बंद पडते, माझी पडली होती.

थोडी पार्श्वभूमी लागेलच. जन्म १८ एप्रिल १९१६, गाव येवला, पैठणीचं येवला. मूळ नाव अंबा. १९२८ च्या आसपास लहान वयात मूकपटात आल्या, म्हणजे बोलपट यायच्या आधीच कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं शिकून झालं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, १९३८ मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपट स्वतः काढला. विशीतली एक मराठी मुलगी त्या काळात सिनेमे काढतेय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. हिरोईन होत्या, भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये होत्या, मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये होत्या.

आणि मग १९४२. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग, सीनमध्ये भगवान, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी थोबाडीत मारायची होती, ती खरंच जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार खूप लांबले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. वय वर्ष सव्वीस. हिरोईनचे रोल संपले.

इथे बहुतेक लेख 'आणि मग त्यांनी खलनायिका म्हणून नाव कमावलं' असं एक वाक्य टाकून पुढे जातात, पण तुम्ही थांबा आणि जरा वयांचा हिशोब करा. राज कपूरचा जन्म १९२४ चा, देव आनंदचा १९२३ चा. म्हणजे ललिताबाई देव आनंदपेक्षा फक्त सात वर्षांनी मोठ्या, आणि 'हम दोनों'मध्ये त्या त्याची आई आहेत. 'श्री ४२०'मधली केळेवाली गंगामाई करताना त्या चाळिशीच्याही नव्हत्या. मग म्हातारपण आणलं कुठून? प्रत्येक सिनेमा बघताना हा प्रश्न वहीत पहिल्या ओळीला लिहा. केस पांढरे करणं मेकअपचं काम, पण बसताना गुडघ्याला हात लावून बसणं, उठताना आधी श्वास घेणं, हाक मारली की नुसती मान न वळवता खांद्यासकट वळणं, हे मेकअपमन करून देत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण बघायची खरी पद्धत मला तिथे कळली. माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी चेहऱ्याचा लकवा झाला. सकाळी चूळ भरायला गेली तर पाणी एका बाजूने ओघळायला लागलं, तेव्हा लक्षात आलं. बरीचशी सुधारली पण पूर्ण नाही, डावी बाजू थोडी मागेच राहिली. तेव्हापासून बोलताना तोंडाच्या त्या बाजूला पदर नाहीतर हात, लग्नकार्यात फोटोला नाही म्हणजे नाही. एका दुपारी मी तिच्याकडे 'अनाडी' लावला होता, ती भाजी निवडत होती, अर्धं लक्ष. मिसेस डिसा, म्हणजे ललिताबाई, राज कपूरवर तोंडसुख घेत होत्या तेव्हा ती एकदम थांबली आणि म्हणाली, "हिचा प कसा नीट येतो गं?"

मला काही कळेना. मग तिने समजावलं की चेहऱ्याची एक बाजू गेली की प, फ, ब, भ, म हे सगळे ओठ मिटून म्हणायचे वर्ण निसटतात, हवा त्या बाजूने निघून जाते, 'पापड' म्हणायला गेलं की भलतंच काहीतरी ऐकू येतं, तिला स्वतःला 'बाबा' नीट म्हणायला कित्येक आठवडे आरशासमोर बसावं लागलं होतं. आणि ही बाई समोर भांडतेय, भराभरा बोलतेय, आणि एक अक्षर सांडत नाहीये. मी इतके दिवस डोळा बघत होते, मावशी ओठ ऐकत होती. तेव्हापासून माझी पद्धतच बदलली, तुम्हीही करून बघा, एक सीन डोळे मिटून फक्त ऐका आणि प-ब-म वर कान ठेवा.

तर क्रम. सुरुवात सासूपासून करूच नका. सुरुवात 'अनाडी'पासून करा, १९५९, हृषीकेश मुखर्जी. घरमालकीण मिसेस डिसा, भाड्यावरून ओरडणारी, आणि त्याच भाडेकरूवर आईसारखा जीव टाकणारी. या कामासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. गोष्ट आधी कळायला नको असेल तर पुढचं एक वाक्य सोडा. नायिकेच्या काकांच्या कंपनीच्या भेसळीच्या औषधाने ही बाई मरते आणि आळ राजवर येतो, म्हणजे सगळा सिनेमा तिच्यावर उभा आहे, ती आपल्याला आपली वाटली नाही तर शेवट पडतोच. बघताना एकच गोष्ट तपासा. ओरडताना आणि माया करताना डोळा तोच आहे, तो काही बदलता येत नाही, मग फरक कुठे पडतो? माझ्या वहीत लिहिलंय, 'हनुवटी आणि हात'. तुम्हाला वेगळं दिसेल कदाचित, पण शोधा.

त्याच्यापाठोपाठ, शक्यतो त्याच आठवड्यात, 'आनंद' बघा. १९७१, दिग्दर्शक तेच, नाव पुन्हा डिसा, पण इथे हॉस्पिटलची मेट्रन. रमेश देव-सीमाताईंच्या नर्सिंग होममधली. कडक शिस्तीची बाई आणि राजेश खन्ना तिला हळूहळू विरघळवतो. बारा वर्षांच्या अंतराने एकाच दिग्दर्शकाने एकाच नटीला एकाच आडनावाचा रोल दिलाय, अशी संधी शिकणाऱ्याला फार क्वचित मिळते. मिसेस डिसाचं ओरडणं घरातलं आहे, मेट्रनचं ड्युटीवरचं आहे. हे मधेच असलेल्या 'मेम दीदी'त, १९६१, अजून तिसऱ्या प्रकारे येतं, तिथे त्या वस्तीत राहणाऱ्या रोझी आहेत, डेव्हिड आणि जयंत या दोन दादांना धाकात ठेवणाऱ्या. तीनही ख्रिश्चन बायका आणि तीनही वेगळ्या. हा सिनेमाही हृषीदांचाच.

मग आवाज बंद करून बघायचा सिनेमा, 'प्रोफेसर', १९६२. हा माझा सगळ्यात आवडता आहे आणि याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. शम्मी कपूर म्हातारा प्रोफेसर बनून घरात येतो, आणि घरातली कर्दनकाळ सीतादेवी, जिने मुलींना धाकात ठेवलंय, ती चक्क त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. विनोदी सिनेमा आहे, हसायला येतंच, पण म्यूट करून बघितलं की वेगळंच काहीतरी दिसतं. एका एकट्या बाईला इतक्या वर्षांनी कुणीतरी बाई म्हणून बघतंय. मूकपटाची तालीम कामाला येते म्हटलं ना, ती इथे. हात केसांकडे कधी जातो, पाठ कधी ताठ असते आणि कधी सैल पडते, नजर आधी कुठे पळते, शब्दाशिवाय सगळं कळतं. तिची टिंगल करणं सोपं होतं, पण ललिताबाई तिला हास्यास्पद होऊ देत नाहीत. 'जंगली'मधली हसायची बंदी असलेल्या घरातली आई याच्या आदल्या वर्षीची, तीही शम्मीबरोबरच, वेळ असेल तर जोडीला बघा, नसेल तर राहू द्या.

आता या, सासूकडे. व्ही. शांतारामांचा 'दहेज', १९५०. हुंड्यासाठी सुनेचा छळ. यात त्यांच्यावर राग येतो आणि आलाच पाहिजे. पण माझं मत विचाराल तर त्यांची जास्त भीती वाटते ती 'सुजाता'त. बिमल रॉय, १९५९, म्हणजे 'अनाडी'चंच साल, हे विसरू नका. गिरिबाला म्हणजे जातपात मानणारी, विटाळ मानणारी थोरली बाई. ती दुष्ट नाहीये, तिला ती बरोबरच वाटते, देवाधर्माला धरून वागतोय असंच वाटतं, आणि म्हणून अंगावर येते, कारण असं बोलणारी माणसं आपण आपल्या घरात बघितलेली असतात. समोर सुलोचनादीदी आहेत. दोघी आपल्या मराठी बायका, एक पडद्यावरची सगळ्यात सोशिक आई आणि एक सगळ्यात कठोर, एका सिनेमात. त्या दोघींच्या सीनला थांबा, मागे घ्या, परत बघा, घाई करू नका.

मराठी माणसाने 'रामशास्त्री' तर बघायलाच हवा, प्रभात फिल्म कंपनीचा, १९४४, ललिताबाई आनंदीबाई आहेत. 'ध' चा 'मा' आपल्याला शाळेपासून माहितीये, त्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता नसते आणि सगळं लक्ष कामाकडे देता येतं. शिवाय तो अपघातानंतर दोनच वर्षांनी पडद्यावर आलाय, तेव्हा कॅमेरा कुठल्या बाजूला ठेवलाय तेही टिपून ठेवा आणि नंतरच्या सिनेमांशी ताडून बघा.

यादी करताना एक अडचण येते. टायटल्समध्ये कॅरेक्टर आर्टिस्टची नावं भराभर घोळक्याने येतात आणि नेटवरच्या याद्यांमध्ये चुका खूप असतात, नाव आहे आणि सिनेमात बाई नाहीतच असंही झालंय. म्हणून मी नियम केलाय की स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. जुन्या काळातलं काही शोधायचं असेल तर पुण्यात लॉ कॉलेज रोडचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, जुन्या पुस्तिका, फोटो, पोस्टर्स तिथे जपलेले आहेत. ललिताबाईंचे शेवटचे दिवसही पुण्यातच गेले, औंधला, २४ फेब्रुवारी १९९८ ला गेल्या तेव्हा घरात एकट्या होत्या. १९६१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळालेली बाई. ते वाचलं की मला अजून गलबलून येतं.

शेवटी मंथरा, आणि ती मुद्दाम शेवटी ठेवा. त्यांनी मंथरा दोनदा केलीये, १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि १९८७ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायण'मध्ये, मधे सव्वीस वर्षं. दुसऱ्या वेळी वय सत्तरच्या पुढे. दोन्हीतला तोच प्रसंग काढा, राज्याभिषेकाची बातमी येते, कैकेयी आधी खूशच होते आणि मंथरेला तिला तिथून फिरवायचं असतं. आधी पहिली बघा, मग दुसरी, मग दोन्ही नुसत्या ऐका. कुठल्या वाक्याला ती जवळ सरकते, कुठे मुद्दाम थांबते, आवाज वाढवण्याऐवजी कुठे खाली आणते. कैकेयी नक्की कुठल्या क्षणाला बदलली ते सेकंदावर सांगता येतं का बघा.

मावशीकडे हे दोन्ही बघितलं तेव्हा दूरदर्शनवाल्या मंथरेच्या वेळी ती डोळे मिटून बसली होती. सगळे ओठांचेच शब्द, राम, भरत, महाराज. प्रत्येक शब्दाला ती मांडीवर एक बोट टेकवत होती, आणि दोन्ही हात मांडीवरच होते. प्रसंग संपला तेव्हा म्हणाली, "एकही पडला नाही बघ. परत लाव."