वेबपानाची मांडणी: या चुका टाळा, निदान माझ्यासमोर तरी

ठाण्यात, नौपाड्यात माझं वेबसाइट बनवायचं दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. शिकायला येणारी मुलं हुशार असतात, पण घाई भारी. पहिल्याच दिवशी तयार टेम्पलेट, म्हणजे पानाचा आयता साचा उतरवायचा, रंग बदलायचे आणि विचारायचं, "सर, झालं ना?"

नाही झालं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक अंतराची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर गोखले रोडजवळच्या एका फराळवाल्या काकूंची साइट केली. पदार्थाचं नाव, खाली फोटो, त्याखाली 'मागवा'चं बटण, मग पुढचा पदार्थ. ज्या मुलाने पान केलं त्याने सगळीकडे सारखी २४ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) जागा सोडली होती. लॅपटॉपवर पान कसं शिस्तीत! मीही वरवर बघून मान डोलावली, हे कबूल करतो.

मोबाइलवर मात्र बेसनाच्या लाडवाचं बटण बरोब्बर 'रवा लाडू' या नावाच्या डोक्यावर येऊन बसलं. लोक नाव वाचायचे आणि जवळचं बटण दाबायचे. "अहो, मी रव्याचे सांगितले होते, बेसनाचे कसे आले?" असे फोन सुरू झाले. काकू मला एवढंच म्हणाल्या, "तुमच्या साइटपेक्षा माझी वही बरी."

जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा एका घरातल्या मानतो. मॅक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने हे १९२३ मध्येच मांडलं होतं, तेव्हा वेबसाइट कुठे होत्या? मी आता एका पदार्थाच्या आत ८ पिक्सेल आणि दोन पदार्थांत ४० ठेवतो. हेच आकडे का, विचारू नका, हाताला बसलेत. आतलं अंतर बाहेरच्यापेक्षा स्पष्ट कमी दिसलं पाहिजे, बस्स. चौकटी आणि रेघा मारून हे झाकायला जाऊ नका. रेघ बहुतेक वेळा आळशी माणसाचा उपाय असतो.

दुसरी चूक मराठी साइटवरच भेटते. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्पलेटमध्ये मथळ्याला ऐटीत लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरा-अक्षरांत जादा जागा, दिलेलं असतं. तेच देवनागरीला लागलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. शून्य करा. लाइन-हाइटही तशीच (ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किती पट), १.२ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. मजकुराला मी १.७ देतो. पान लांबतं, लांबू दे. जाहिरातीचा बोर्ड नाही, लोकांना वाचायचंय.

सगळा मजकूर मधोमध लावू नका. ती लग्नपत्रिका झाली.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं 'क्लासी' वाटतात म्हणे. ठाण्यातल्या तलावपाळीवर, तळ्याकाठी, भर दुपारी फोन उघडून वाचून दाखवा. साध्या मजकुरासाठी ४.५ : १ हा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान मानलेला आहे, तो मोजून घ्या.

फॉन्ट दोन पुरे.

एका पडद्यावर तीन बटणं एकाच भडक रंगात असतील तर गिऱ्हाईक एकही दाबत नाही. आधी सगळं पान राखाडी ठोकळ्यांत मांडा, मग रंगाला हात लावा. माझ्याकडे पहिले दोन दिवस रंग बंद असतात, मुलं कुरकुरतात. पान झालं की मी ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने ते चालवून बघतो. अंगठा पोचला नाही तर परत.

आणि मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसत असेल, तर ग्रिडला, म्हणजे रकान्यांच्या मांडणीला, शिव्या घालण्याआधी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत दाखव असं ब्राउझरला सांगणारी कोडची ओळ) आहे का बघा. मागच्या आठवड्यात एकाने त्यापायी तीन तास घातले. मी शेजारीच बसलो होतो. सांगितलं नाही.