'श्रूडली' कुठे बसतं, कुठे बसत नाही

निफाड तालुक्यात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. 'श्रूडली' (shrewdly) म्हणजे काय, असं विचारलं की वर्गातून पहिलं उत्तर येतं, 'धूर्तपणे'. तेवढ्यावर विसंबून वाक्य लिहिलं की गडबड होते. मराठीत एखाद्याला धूर्त म्हटलं, की तो कुणाला तरी फसवणार हे आपण धरूनच चालतो. श्रूडलीत फसवणूक असायलाच हवी असं नाही. माणसं, पैसा, वेळ यांचा अचूक अंदाज आणि त्यातून आपलं हित साधणं मात्र हवंच. 'चाणाक्षपणे', 'धोरणीपणाने' हे त्याच्या जवळचे शब्द.

आमच्याकडच्या मुलांना हे कांद्यावरून पटकन कळतं. उन्हाळ कांदा निघाला तेव्हा भाव पडलेला होता. शेतकऱ्याने माल कांदाचाळीत साठवून ठेवला आणि लासलगावला आवक घटल्यावर विकला. 'ही श्रूडली हेल्ड बॅक हिज अनियन्स.' इथे शब्द चपखल बसतो. त्यानेच वर चांगला कांदा आणि खाली सडका भरला असता, तर 'डिसऑनेस्टली' लिहा. आणि गणित झटक्यात सोडवणाऱ्या मुलीला 'श्रूडली' लावू नका, तिथे 'क्लेव्हरली' हवं.

गेस, जज, इन्व्हेस्ट, बार्गेन, चूज अशा क्रियापदांशी त्याचं चांगलं जमतं.

आता या शब्दाची वाक्यातली जागा. पाठ्यपुस्तकं यावरून घाईने पुढे जातात, म्हणून मी इथे मुद्दाम थांबते. 'शी श्रूडली आन्सर्ड द क्वेश्चन' म्हणजे तिने उत्तर दिलं, हाच चाणाक्षपणा; गप्प राहिली असती तर नुकसान झालं असतं. 'शी आन्सर्ड द क्वेश्चन श्रूडली' म्हणजे तिने ज्या तऱ्हेने उत्तर दिलं, ती तऱ्हा चाणाक्ष. पहिल्यात निर्णयाचं कौतुक, दुसऱ्यात पद्धतीचं. फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी लिहून मुलांकडून मराठीत सांगून घ्या, फरक त्यांच्याच तोंडून येतो. 'ही इज व्हेरी श्रूडली' ही चूक उत्तरपत्रिकांत फार दिसते. तिथे 'श्रूड' हे विशेषणच हवं.

'अस्ट्यूटली' याचा सख्खा शेजारी, पण जरा पुस्तकी. राजकारणावरच्या लेखात शोभतो, बाजारात नाही. 'स्लायली' म्हणजे लपूनछपून.

'श्रूड'चा जुना अर्थ 'दुष्ट', 'वाईट' असा होता. 'हॅम्लेट'मध्ये हवा 'श्रूडली' चावते, म्हणजे बोचरी थंडी आहे, चाणाक्ष हवा नव्हे. शब्दाला स्वार्थाचा किंचित वास अजून आहे. म्हणून नोकरीच्या अर्जात स्वतःच्या कामाबद्दल तो लिहू नका. तिथे 'वाइजली' किंवा 'केअरफुली' बरं. दुसऱ्याच्या व्यवहाराबद्दल मात्र बिनधास्त वापरा.